मोकळा आठवडा

२ जानेवारी

नवी डायरी. एका पुस्तकवाल्याने शाळेत फुकट वाटलेली. यंदा संकल्प एकच: बायकोला घेऊन रेल्वेने फिरायला जायचं. बारा दिवस. शहरं आणि डोंगर, दोन्ही समतोल. नुसती शहरं केली की पाय बोलायला लागतात. आणि नुसत्या डोंगरात माणूस दुसऱ्या दिवशी काय करतो, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

कारणही लिहून ठेवावं. वडील सहा वर्षं मागच्या खोलीत अंथरुणाला खिळून होते. ऑक्टोबरात गेले. हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी सांभाळून त्यांचं सगळं बायकोने केलं. माझाही वाटा होता. औषधांचं वेळापत्रक मी केलं होतं, तीन रंगांत.

तिला विचारलं, कुठे जायचं? म्हणाली, जिथे मला कोणी हाक मारणार नाही अशा कुठल्याही ठिकाणी. समोर बर्फाचा डोंगर असला तर आणखी काही नको. हे फारच मोघम झालं. यातून नीट प्लॅन मलाच काढावा लागणार.

५ जानेवारी

आत्मविश्वास भरपूर. शाळेचं वेळापत्रक एकोणीस वर्षं मी करतो. बावीस वर्ग, चौतीस शिक्षक, आठ तास, एक प्रयोगशाळा आणि पीटीच्या सरांची कंबर (आठव्या तासाला चालत नाही). एकोणीस वर्षांत दोन शिक्षक एका वर्गात कधी धडकले नाहीत. एकदा एका वर्गात वर्षभर शुक्रवारी कोणीच गेलं नव्हतं, पण त्याची तक्रारही कोणी केली नाही. त्यापुढे दोन माणसांची सहल म्हणजे किस झाड की पत्ती.

पद्धत तीच. पुठ्ठ्याचा तक्ता, त्यावर चिठ्ठ्या. लाल म्हणजे शहर, हिरवी म्हणजे डोंगर. श-१, श-२, ड-१, ड-२ असे नंबर. रोज चार चौकटी: सकाळ, दुपार, संध्याकाळ, राखीव. नियम एकच, चौकट रिकामी राहता कामा नये. रिकाम्या तासाला वर्गात काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

१७ जानेवारी

तक्ता जेवणाच्या टेबलावर. दुसरीकडे मावत नाही. गेले बारा दिवस आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो आहोत. बायकोने आमटीचा वाटीभर डाग ड-२ वर पाडला. मी नवीन चिठ्ठी कापली.

सध्या सहा शहरं, चार डोंगर. समतोल अजून नाही.

२९ जानेवारी

स्टाफरूममध्ये भूगोलाच्या सरांना सहज प्लॅन दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, श-३ वरून ड-२ ला जाताना डोंगर डावीकडे दिसतात आणि तुम्ही ज्या गाडीने जाताय तिच्यात डावीकडे नुसता पॅसेज असतो. बारा वर्षं हा माणूस मुलांना नकाशात नद्या भरायला लावतो. स्वतः कुठे गेल्याचं ऐकिवात नाही. पण मुद्दा बिनतोड.

म्हणजे सगळा दौरा उलटा करायचा. शेवटून सुरुवात. सोपं आहे. तक्ता फक्त उलटा धरायचा.

३० जानेवारी

सोपं नाही. उलट्या दिशेच्या गाड्या वेगळ्या वेळेला सुटतात.

६ फेब्रुवारी

बायकोची रजा मंजूर. १४ ते २५ मे. लॅबमध्ये त्या दोघीच टेक्निशियन, त्यामुळे तारीख एकदा ठरली की दगडावरची रेघ. सहा वर्षांतली पहिली मोठी रजा. साहेबांनी सही करताना विचारलं म्हणे, परत येणार ना? सांगताना हसत होती. बऱ्याच दिवसांनी हसली.

रजेच्या अर्जाची झेरॉक्स तिने पर्समध्ये ठेवली आहे. मी मागितली तर दिली नाही. म्हणाली, तुमच्या तक्त्याला चिकटवाल.

१६ ते २० मे हा आठवडा म्हणजे सहलीचं हृदय. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘मोकळा’ लिहिलं. घरच्या, शाळेच्या आणि खिशातल्या, तिन्ही कॅलेंडरांवर. त्या आठवड्यात जग इकडचं तिकडे झालं तरी काही ठेवायचं नाही.

२० फेब्रुवारी

बायको म्हणाली, एकच ठिकाण करू या का? एक गाडी, एक डोंगर, एक खोली, आठ दिवस. परत.

तिला शांतपणे समजावलं. एकाच ठिकाणी आठ दिवस म्हणजे बत्तीस चौकटी. त्यात ‘डोंगर बघणे’ लिहून लिहून किती वेळा लिहिणार? दोन चौकटी. फार तर तीन. बाकीच्या एकोणतीसांचं काय? ती म्हणाली, बसू. मी विचारलं, बसून? म्हणाली, बोलू. मी विचारलं, कशावर?

यावर तिने माझ्याकडे बघितलं आणि कपडे वाळत घालायला गेली. तिला प्लॅनिंगचा अनुभव नाही, त्यामुळे प्रश्नांची उत्तरं पटकन सुचत नाहीत.

श-७ वाढवलं. तिथे घड्याळांचं म्युझियम आहे. एक आख्खी दुपार जाते.

१० मार्च, दुपारी ४.३०

शाळेतून परस्पर स्टेशनवर. चौकशीच्या खिडकीत एक बाई. मागे रांग. मी पाच पानी प्लॅन आत सरकवला आणि एकदा नजरेखालून घालायची विनंती केली. त्यांनी पेन काढलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

विचारलं, अहो, ही तुमची गाडी दहा चाळीसला पोचते. मी म्हटलं, हो. म्हणाल्या, आणि पुढची गाडी दहा चाळीसला सुटते. मी म्हटलं, बरोबर. त्या म्हणाल्या, नऊ नंबरवरून. मी म्हटलं, चालेल.

त्यांनी कपाळाला हात लावला. मधे वेळ कुठे आहे, म्हणाल्या. मी सांगितलं, आमच्याकडे तिसरा तास दहा चाळीसला संपतो आणि चौथा दहा चाळीसला सुरू होतो. चौतीस शिक्षक रोज हेच करतात. मागून कोणीतरी विचारलं, आणि ते खरंच वेळेवर पोचतात का? काही लोकांना दुसऱ्याच्या बोलण्यात नाक खुपसायची सवय असते.

बाईंनी नऊ ठिकाणी गोल केले. सगळ्या बदल्या शून्य मिनिटांच्या. पान परत देताना म्हणाल्या, थेट गाडीने कुठेतरी एकाच जागी जा ना हो. बायको आणि या बाई ओळखीच्या आहेत की काय, कळत नाही.

१२ मार्च

प्रत्येक बदलीत चाळीस मिनिटं घातली. त्यामुळे ड-३ वर पोचायची वेळ ड-३ वरून निघण्याच्या वेळेनंतर आली. ड-३ रद्द. डोंगर आता तीन, शहरं सात. समतोल तात्पुरता बिघडला आहे.

थकलो. चाचणीचे दोन गठ्ठे तपासायचे पडले आहेत.

१५ मार्च, सकाळी ८.००

आज बुकिंग सुरू. निघायच्या दिवसाच्या साठ दिवस आधी, सगळ्या टप्प्यांचं एकदम उघडतं. बायको लॅबला जाताना म्हणाली, आज नक्की करा हं. दारातून परत आली आणि पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, आता काय, बटण दाबायचं फक्त.

१५ मार्च, दुपारी २.००

बटण दाबायच्या आधी शेवटची नजर फिरवली. श-२ आणि श-४ ची अदलाबदल केली तर संध्याकाळची एक चौकट छान भरते. अदलाबदल केली. आवृत्ती अकरावी. आता सगळ्या पुढच्या वेळा बदलायच्या.

१५ मार्च, संध्याकाळी ६.१५

तिकिटं काढली! टप्पा तीन, चार आणि पाच. हे टप्पे पक्के होते. एक, दोन आणि सहा ते नऊ अजून विचाराधीन, त्यामुळे घाई केली नाही. बायकोला सांगितलं. तिने हिशेब लावायचा प्रयत्न केला. म्हणजे आपण इथून निघायचं तिकीट नाही? नाही. आणि परत यायचं? तेही नाही. मग आहे काय? मी म्हटलं, मधलं आहे. मधलंच अवघड असतं.

ती आत जाऊन झोपली. अजून सातही वाजले नव्हते. लॅबमध्ये काम वाढलंय वाटतं.

२७ मार्च

टप्पा एकची वेटिंग लिस्ट १६३. हलेल. माझा अंदाज आहे हलेल.

२ एप्रिल

धाकटी बहीण आली होती. ही माझी बहीण कशी, याचा उलगडा आईलाही शेवटपर्यंत झाला नाही. हिने आयुष्यात कधी यादी केलेली नाही. बाजारात जाते आणि जे दिसेल ते आणते.

तक्ता बघून म्हणाली, दादा, ही सहल आहे की बोर्डाची परीक्षा? मग वहिनीला विचारलं, तुला यातलं काय बघायचंय? बायको बराच वेळ चिठ्ठ्यांवरून बोट फिरवत राहिली आणि शेवटी म्हणाली, मला नंबर नाही गं कळत यांचे. धाकटी माझ्याकडे बघत राहिली. मी दोघींना समजावलं की मागे सूची जोडलेली आहे.

दोघी मग स्वयंपाकघरात. चहा तासभर चालला. मला बाहेर आणून दिला, तोवर गार झाला होता.

११ एप्रिल

आज एक गोष्ट मनासारखी झाली. मोठ्या बाईंना पुरवणी परीक्षेचं वेळापत्रक उद्यापर्यंत हवं होतं. प्रत्येक वर्षी यावरून कटकट होते. कधी हॉल रंगवायला काढलेला, कधी शिक्षक ट्रेनिंगला. यंदा दोन तासांत हातावेगळं केलं. कुठेही क्लॅश नाही. पर्यवेक्षकांच्या चौकटी भरल्या. शेवटची, गणिताची, उरली. उरलेल्या चौकटीत मी नेहमी माझंच नाव टाकतो. दुसऱ्याला कशाला त्रास.

मोठ्या बाई म्हणाल्या, सर, तुमच्यासारखे तुम्हीच. लगेच सही केली. घरी येताना हलकं वाटत होतं. सहलीने डोकं कसं तल्लख झालंय.

१९ एप्रिल

लिहायला हात उचलत नाही.

पुरवणी परीक्षा १६ ते १९ मे. बायकोला सापडली. वेळापत्रकाची एक प्रत मी कच्चा कागद म्हणून घरी आणली होती आणि तिच्या मागे टप्पा सहा लिहिला होता. तिने पान उलटलं. तारखा वाचल्या. गणित, १९ मे, सकाळी दहा ते एक, पर्यवेक्षक. माझं नाव वाचलं. पान पुन्हा होतं तसं ठेवलं.

मी आठवून बघितलं. हे कसं झालं ते आता स्पष्ट आहे. दोन महिने मी तो आठवडा सगळीकडून राखत होतो. डोक्यात पक्कं बसलं होतं की तो आठवडा मोकळा आहे. मोठ्या बाईंनी मोकळा आठवडा मागितला, मी दिला. यात चूक अशी नाही. उलट पद्धत किती पक्की आहे हेच सिद्ध होतं.

हे बायकोला समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुम्हाला यायचंच नव्हतं. आवाज चढवून नाही. लॅबमध्ये रिपोर्ट हातात देताना बोलते ना, तसं.

साफ खोटं आहे. अकरा आवृत्त्या कोणी केल्या?

२१ एप्रिल

मोठ्या बाईंना भेटलो. अडचण सांगितली. बाई म्हणाल्या, हात्तिच्या, एवढंच ना. एका पेपरला दुसऱ्या कोणाचं नाव टाका, तक्ता तुमच्याच हातात आहे. मी म्हटलं, बघतो.

पण असं बघण्यासारखं नाही ते. छापून बोर्डावर लागलंय. एकदा बदललं की चौतीस जण येतील, मलाही बदलून द्या म्हणून. शिस्त नावाची काही चीज असते.

२४ एप्रिल

पीटीचे सर स्वतःहून म्हणाले, मी बसतो की गणिताला. तीन तास बसायचंच तर आहे, कंबर बसून दुखत नाही. तुम्ही जा वहिनींना घेऊन.

आभार मानले. नाही म्हणालो. उत्तरपत्रिकांचं पाकीट लाखेने सील करायचं असतं, ते त्यांना जमणार नाही. सर म्हणाले, शिकवा, दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, ते वाटतं तसं नाही.

दोन मिनिटांचंच आहे. पण असो.

घरी येताना वाटेत मी शीळ घालत होतो. हवा चांगली असावी.

२ मे

धाकटीने फोनवर सांगितलं, वहिनीला ती घेऊन जातेय. १४ ला निघायचं. एक गाडी, एक डोंगर, एक खोली. तिकिटं कुठलीतरी शिल्लक होती ती मिळाली. किती वेळ लागला म्हणून विचारलं. दहा मिनिटं, म्हणाली, त्यात पाच मिनिटं चष्मा शोधत होते.

अशाने सहल होत नसते. मुक्काम कोणत्या मजल्यावर, खिडकी कोणत्या दिशेला, पाऊस आला तर काय, हिला काही माहीत नाही. मी बायकोला म्हटलं, जा, हरकत नाही. एक प्रकारे पाहणीच होईल. पुढच्या वर्षी आपण सविस्तर करू. ती बॅग भरत होती. हं म्हणाली.

माझ्या टप्पा तीन, चार, पाचची तिकिटं रद्द केली. मधलं कोणाच्याच उपयोगाचं नव्हतं.

१४ मे

सोडायला गेलो होतो. दोघींसाठी सूचनांचं एक पान केलं होतं. धाकटीने न वाचता घडी करून पंख्यासारखं वापरलं. बायकोने गाडी सुटताना खिडकीतून हात बाहेर काढला. मी घड्याळात बघत होतो, गाडी चार मिनिटं उशिरा सुटली. वर बघितलं तेव्हा डबा पुढे गेला होता.

घरी टेबल मोकळं आहे. तक्ता तिने गुंडाळून कपाटावर ठेवला, जाण्याआधी. मी टेबलाशी बसून जेवलो. एकट्याला फार मोठं आहे ते.

१७ मे

तिचा फोन. पोचल्यापासूनचा दुसरा. काय काय बघितलं विचारलं. म्हणाली, काही नाही, बसलोय. मी म्हटलं, सकाळी? म्हणाली, सकाळी पण. दुपारी? धाकटी मागून हसत होती. काय बोलता दोघी एवढं, असं विचारलं. म्हणाली, अण्णांबद्दल बोललो काल. मला रडू आलं खूप. बरं वाटलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. माझ्यासमोर ती कधी रडली नाही. मी पण नाही तिच्यासमोर.

१९ मे, सकाळी १०.००

गणिताचा पेपर. हॉलमध्ये बाकं मांडली, नंबर चिकटवला, घंटा दिली. यंदा गणितात नापास एकच आहे. त्या एका मुलीचाच नंबर. अजून आलेली नाही.

१०.३०

नियमाप्रमाणे अर्ध्या तासानंतर कोणाला आत घेता येत नाही. म्हणजे आता घरी जाता येतं.

११.४५

गेलो नाही. हॉलमध्ये बसून आहे. वेळ आहे तेवढा लिहितो.

धाकटीने फोटो पाठवलाय. लाकडी बाक, समोर बर्फाचा डोंगर, आणि बाकावर बायको चप्पल काढून, पाय वर घेऊन झोपलेली. भर दिवसा, तोंड थोडं उघडं. सहा वर्षं ती एका कुशीवर, मागच्या खोलीकडे कान लावून झोपायची. अशी सैल झोपलेली मी विसरूनच गेलो होतो.

मग डायरी पहिल्यापासून वाचली. कोणी वाचणार नाही म्हणून लिहिली होती, आणि मीही लिहिताना ती वाचली नव्हती. ती म्हणाली ते बरोबर होतं. मला जायचंच नव्हतं. गाड्यांची भीती नाही, डोंगराची नाही. आठ दिवस तिच्या समोर बसून काय बोलायचं, याची होती. सहा वर्षं आमच्यात औषधं होती, बेडपॅन होतं, डॉक्टरची वेळ होती. अण्णा गेले आणि बोलण्यासारखं काही उरलं नाही असं मला वाटलं. म्हणून सात शहरं घातली. तिच्याकडे बोलण्यासारखं होतं. मी म्युझियमं शोधत होतो.

हे लिहून फार हुशार झालो असं नाही. पण खरं आहे.

१२.२०

इथून तिथे थेट गाडी आहे. रोज संध्याकाळी. परवा सकाळी पोचवते. मी फोन लावला. तिने उचलला. म्हटलं, पेपर संपतोय, आजच्या गाडीने येऊ का? रजेचे अजून सहा दिवस आहेत तुझ्या.

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, कशाला उगाच दगदग करता. इथे आमचं छान चाललंय. तुम्ही आराम करा.

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. रागावर काहीतरी उत्तर देता येतं. अगदी प्रेमाने म्हणाली.

दुपारी १.००

घंटा दिली. पाकीट लाखेने सील केलं, आत कोरी उत्तरपत्रिका. अहवाल भरला. परीक्षार्थी: एक. गैरहजर: एक. पर्यवेक्षक: हजर, पूर्ण वेळ.